अडीच बाकं

११ ऑक्टोबर १९५२

आजपासून मी खरेदीचा बाबू झालो. कचेरीच्या भाषेत ‘खरेदी व अंदाजपत्रक’. इंदूर शहरातल्या सरकारी शाळांना खडू, फळे, मुलांना बसायच्या टाटपट्ट्या, बाकं काय काय हवं ते विचारायचं, त्याचा आकडा ग्वाल्हेरला पाठवायचा, तिकडून मंजूर होऊन येईल त्यात सगळ्यांचं भागवायचं आणि भागलं नाही म्हणून वर्षभर हेडमास्तरांचं ऐकून घ्यायचं. ही बढती आहे असं मला सांगण्यात आलं. पगार आहे तोच आहे, पण खुर्चीला हात आहेत.

खुर्ची पांडुरंगपंतांची. होळकरशाहीपासून ते तिच्यात बसत आले, त्यामुळे तिला त्यांचा आकार आला आहे आणि मी तिच्यात जरा हरवल्यासारखा दिसतो. आज ते निवृत्त झाले. निरोपाचा पेढा तोंडात असतानाच त्यांनी मला खिडकीपाशी नेलं आणि म्हणाले, “चिंतामण, एक लक्षात ठेव. जेवढं लागतं त्याच्या दुप्पट लिहायचं. वरचे अर्धं कापतात. त्यांना कापल्याचं समाधान, शाळेला हवं तेवढं मिळतं, कुणाचं काही बिघडत नाही.”

मी मान डोलावली, पण मनातून मला फार वाईट वाटलं. राजेशाही गेली, निवडणूक झाली, मी स्वतः रांगेत उभं राहून मत दिलं, आणि आता आपल्याच सरकारला खोटा आकडा लिहायचा? मी खरा आकडा लिहीन. हे वाक्य घरी आल्यावर आरशासमोर एकदा म्हणून पाहिलं. चांगलं वाटलं, म्हणून परत म्हटलं. शारदेने स्वयंपाकघरातून विचारलं, कुणी आलंय का.

१३ ऑक्टोबर

छत्रीबागेतल्या मुलींच्या शाळेत गेलो. आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे, पण पाय आज पहिल्यांदा ठेवला. शाळा चौथीपर्यंतच. मोठ्या बाई म्हणजे कुमुदिनीबाई. त्यांचा आवाज इतका हळू आहे की ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागतं, आणि वाकलेला माणूस लांबून होकार दिल्यासारखा दिसतो.

त्यांना पाचवीचा वर्ग हवा आहे. तीनदा अर्ज करून झाला. पहिल्या अर्जाला उत्तर आलं, फर्निचर नाही, सबब वर्ग देता येत नाही. मग त्यांनी फर्निचर मागितलं. उत्तर आलं, वर्ग नाही, सबब फर्निचर देता येत नाही. तिसऱ्यांदा त्यांनी ही दोन्ही उत्तरं एकत्र टाचून पाठवली. त्याचं उत्तर अजून यायचं आहे. चौथीनंतर मुली जातात कुठे, असं मी विचारलं. “घरी,” त्या म्हणाल्या. नदीपलीकडच्या शाळेत पाठवायला इकडची माणसं तयार नसतात.

चौथीचा वर्ग पाहून मात्र मी अस्वस्थ झालो. निम्म्या मुली बऱ्याच मोठ्या दिसल्या. चौकशी केली तर नापास होऊन बसलेल्या. शाळेत पाणी भरणाऱ्या गंगूबाईची रमा तेरा वर्षांची आहे आणि चौथीत तिचं तिसरं वर्ष. मी तिला फळ्यावर भागाकार घातला. तिने तो सोडवला आणि मी घालताना केलेली चूकही अदबीने दाखवली. अशी मुलगी नापास होते म्हणजे काय? मी शेरेबुकात लिहिलं, ‘हुशार मुलीही अनुत्तीर्ण होतात, यावरून अध्यापन असमाधानकारक.’ बाईंनी तो शेरा शांतपणे वाचला, बरोबर आहे म्हणाल्या आणि माझ्यासाठी चहा मागवला. टीका इतकी खेळीमेळीने घेणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

पाचवीसाठी मी प्रामाणिक हिशेब केला. चौथीत मुलीच दहा, सगळ्या पास झाल्या तरी दहा. दोघींना एक बाक. पाच बाकं.

१५ ऑक्टोबर

सगळ्या शाळांची मागणी आज रवाना केली. एकही आकडा फुगवलेला नाही. रात्री जेवताना शारदेला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मी तुम्हाला दोन शेर साखर सांगते तेव्हा तुम्ही एक शेर आणता. मला एकच लागते.”

दिवाळी तोंडावर आली की बायकांना साखरेशिवाय काही सुचत नाही.

२२ डिसेंबर

ग्वाल्हेरहून मंजुरी आली. आमच्या मध्यभारताचं सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला राहतं, फायली पेट्यांत भरून आगगाडीने येतात-जातात. हिवाळ्यात त्यांची सही मिळेपर्यंत इकडचा माणूस थंडीने नाही तर काळजीने गारठतो. असो. मंजुरी आली आणि सगळं अर्धं करून आली. शंभर टाटपट्ट्यांच्या पन्नास, चाळीस फळ्यांचे वीस, आणि छत्रीबागेच्या पाच बाकांची अडीच बाकं.

अडीच. मी कागद उजेडात धरून पाहिला. कारकुनाचा हात घसरलेला नव्हता, नीट वळणदार अक्षरात ‘अडीच नग’ लिहिलं होतं. कचेरीत हा कागद सगळ्यांनी हाताळला. मला ‘राजा हरिश्चंद्र’ असं नाव पडलं, आणि अर्ध्या बाकावर अर्धी मुलगी बसवायची की एक मुलगी अर्धा वेळ, यावर दुपारभर चर्चा चालली. मीही हसलो. न हसून काय करता?

इन्स्पेक्टर रघुवीरसहायजी ग्वाल्हेरकडचे. त्यांनी बोलावून विचारलं, “लघाटेजी, आपको पाँच ही चाहिए थे?” मी हो म्हटलं. “और आपने पाँच ही लिखे?” मी पुन्हा हो म्हटलं. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. डॉक्टर विचित्र दुखणं बघतो, तसे. शेवटी म्हणाले, वर लिहून विचारा, अर्ध्या बाकाचं काय करायचं.

३ जानेवारी १९५३

उत्तर आलं. नग पूर्ण नसल्याने छत्रीबागेपुरती मंजुरी रद्द. म्हणजे माझ्या खरेपणाने शाळेला दोन बाकंही मिळाली नाहीत.

बाईंना सांगायला गेलो तेव्हा गंगूबाई तिथेच घागर उतरवत होती. ती म्हणाली, “बाबूजी, म्हणजे औंदा बी पाचवी नाही ना? मग मी आता थांबत नाही. रमीसाठी देवासचं स्थळ आलंय, आखातीजेला उरकून टाकते.” आखातीज म्हणजे अक्षय्य तृतीया, चार महिन्यांवर. रमा दारात उभी होती. तिने ऐकलं आणि आत जाऊन फळा पुसू लागली. तो आधीच पुसलेला होता.

घरी आल्यावर शारदेला म्हटलं, या मुलीला इतकी वर्षं नीट शिकवून पास केलं असतं तर ही वेळ आली नसती. शारदेने हातातली परात खाली ठेवली. म्हणाली, “अहो, पास झाली असती तर दोन वर्षांपूर्वीच लग्न झालं असतं. पोर शाळेत आहे तोवर आई थांबते. म्हणून बाई नापास करतात. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.”

मी ‘असमाधानकारक’ लिहून आलो होतो. तो शेरा वर गेला आहे. मला इतकी लाज वाटली की मी जेवताना दुसऱ्यांदा भात घेतला नाही, आणि शारदेने आग्रहही केला नाही. मग तीच म्हणाली की तिचीही शाळा चौथीलाच सुटली. मी विचारलं, का? “तुमचं स्थळ आलं,” ती म्हणाली आणि ताटं उचलू लागली. चोवीस वर्षं संसार झाला, हे मला माहीत नव्हतं. म्हणजे तिच्या पाचवीला फर्निचर कमी पडलं नाही, मी आडवा आलो.

९ जानेवारी

पुरवणी मागणीची तारीख जवळ आली. या वेळी पांडुरंगपंतांचा मंत्र. बाईंकडे जाऊन म्हटलं, पाच बाकं लागतात, तर दहा लिहितो. “वीस लिहा,” त्या म्हणाल्या. मी समजावलं की दुप्पट म्हणजे दहा. “वीस,” त्या पुन्हा त्याच आवाजात म्हणाल्या. बाई चांगल्या आहेत, पण गणित कच्चं आहे. वाद घालायला पुढे वाकलो आणि लांबून होकार दिल्यासारखं दिसलं असावं, कारण त्यांनी आभार मानले. शेवटी विचार केला, खाली-वर दोन ठिकाणी कापाकापी झाली तरी पाच हाती राहतील. वीस लिहिले. सही केली. खोटं लिहिण्याची सवय नसली की अक्षर फारच सुरेख येतं, हे आज कळलं.

१८ फेब्रुवारी

वीस मंजूर.

एकही कापलेलं नाही. मी रघुवीरसहायजींकडे धावत गेलो. त्यांना ग्वाल्हेरहून कळलं होतं, ते हसून सांगत होते. अडीच बाकांचा किस्सा तिकडे खजिन्यापर्यंत पोहोचला. तिथले मोठे अधिकारी म्हणाले म्हणे, “इंदौर का वो लघाटे सच्चा आदमी है. पाँच चाहिए थे तो पाँच लिखे, हमने काटकर गलती की. अब जो लिखा है, पूरा दो.”

आयुष्यभर खरं बोललो तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. एकदाच खोटं लिहिलं तर माझ्या खरेपणावर मंजुरी मिळाली. आता दहा मुलींसाठी वीस बाकं, आणि पाचवीचा वर्ग तर अजून कागदावरही नाही. मार्चअखेर खरेदी केली नाही तर रक्कम बुडते, आणि ती बुडवणारा माणूस म्हणून नाव होतं.

१२ मार्च

टेंडरं उघडली. तीन आली. पहिल्याने बाकाला पाठ धरलीच नव्हती, दुसऱ्याने डेस्क धरलं नव्हतं, तिसरा गेंदालाल मिस्त्री. त्याचं बाक पूर्ण होतं, म्हणून त्याचं महाग दिसत होतं. नियमाने सगळ्यात स्वस्त घ्यायचं. मी तिन्ही ‘सारख्या मालाची’ नाहीत असा शेरा मारला, काम गेंदालालला दिलं आणि स्वतःवर खूष झालो.

मग नमुन्याचं बाक पास करायला समिती बसली. अक्षरशः बसली. रघुवीरसहायजी, बांधकाम खात्याचे एक ओव्हरसिअर आणि मी. तिघंही जेवून आलो होतो. दोघांच्या बाकावर ओव्हरसिअर आणि मी शेजारी शेजारी बसलो ते सुखाने, पण उठता येईना. गेंदालाल म्हणाला, “बाबूजी, आपके नाप का बनाऊँ या छोरियों के नाप का?” मग कुणा मुलीला बसवून माप घ्यायचं ठरलं. मला वाटलं, दहा वर्षांची एखादी बघावी. बाईंनी रमाला बसवलं. मी म्हटलं, ही तर फार उंच आहे, हिच्या मापाचं बाक लहान मुलींना मोठं होईल. बाई म्हणाल्या, मुली वाढतात. करारात रमाच्या गुडघ्याचं माप गेलं.

३१ मार्च

बाकं आली. बैलगाड्यांतून नदीकाठाने आली. शाळेत जागा नाही, म्हणून अर्धी व्हरांड्यात आणि अर्धी एकावर एक रचून ठेवली. मी पावती दिली, बिल चढवलं, रक्कम बुडाली नाही. सगळ्या मुली बाहेर येऊन बघत होत्या. कुणी हात लावत नव्हतं. बाईंनी सांगितलं, लावा, आपलीच आहेत. मला तेव्हा त्यांना आठवण करून द्यायची होती की वर्ग नाही, पण बैल बिथरला आणि राहून गेलं.

११ एप्रिल

घरी जेवणाचे हाल आहेत. चैत्रातल्या हळदीकुंकवासाठी शारदा रोज दुपारी बाहेर. आज अमकीकडे, उद्या तमकीकडे, आणि बरोबर कुमुदिनीबाई. पूर्वी ठरावीक पाच-सात घरी जायची. यंदा छत्रीबागेतलं एक घर सोडत नाही, ज्यांच्याशी आमचं येणंजाणं नाही अशांच्याही उंबऱ्याला. आता अधिक महिना लागतोय म्हणून सुटका होईल असं वाटलं, तर म्हणते राहिलेली घरं करायची आहेत. मी म्हटलं, इतकी कैरीची डाळ खाऊन घसा धरेल. धरला आहेच. रोज बोलून बोलून बसलेला असतो.

४ मे

सरकार इंदुरात आलं आणि पेट्यांबरोबर ऑडिटही आलं. ऑडिटचे साहेब छत्रीबागेत जाऊन आले आणि मला बोलावलं. नसलेल्या वर्गासाठी वीस बाकं कशी घेतली? खुलासा द्या, नाहीतर पगारातून वसूल.

रघुवीरसहायजींनी मार्गही काढून दिला. “बेंच लड़कों की स्कूल में भिजवा दो. वहाँ ज़रूरत है. बात खतम.” एक पत्र लिहायचं. माझ्यावर डाग नाही, वसुली नाही, मुलगे तरी बसतील. मी इतक्या आनंदाने ते पत्र लिहिलं की सही करायच्या आधीच शिपायाला गाडी सांगायला पाठवलं. शौर्य माझ्या अंगात नाही हे मला माहीत होतं, पण इतक्या चपळाईने नसेल असं वाटलं नव्हतं.

५ मे

पत्र घेऊन शाळेत गेलो. व्हरांड्याच्या भिंतीवर चौथीचा निकाल लावलेला होता. मी खालून वर वाचला, कारण नापासांची यादी खाली असते. खाली यादीच नव्हती. सगळ्या पास. रमा पहिली.

माझा तोल गेला. मी बाईंना म्हटलं, वर्गाचा हुकूम कुठे आहे? आता या सगळ्या घरी जातील. तुमच्या हातात एकच उपाय होता, तोही तुम्ही घालवला. रमाचं लग्न दहा दिवसांवर आलंय. हे सगळं तुम्ही कशाच्या भरवशावर केलंत?

“बाकं आलीत ना,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आणलीत.”

माझ्या खिशात ते पत्र होतं. बाईंनी ते पाहिलं नव्हतं, पण त्या माझ्या खिशाकडेच बघताहेत असं मला वाटत राहिलं. मला भीती वाटत होती, पगाराची वाटत होती, साहेबांची वाटत होती, आणि त्या क्षणी सगळ्यात जास्त या बाईंची वाटली. माझ्यावर आजवर कुणी इतका भार टाकला नव्हता. मी गाडीवानाला भाडं देऊन रिकामा परत पाठवला.

६ मे

खुलासा लिहिला. बाकं मुलग्यांच्या शाळेला देता येत नाहीत, कारण ती मोठ्या मुलींच्या मापाची आहेत. करारात माप आहे. बाकं असून वर्ग नाही हा आक्षेप खरा आहे, सबब वर्ग उघडून तो दूर करावा. वीस बाकं गरजेपुरतीच आहेत, पाचवीला चाळीस मुली येतील. इथे मी थांबलो, पाणी प्यालो. मग लिहिलं, ‘न आल्यास बाकांची किंमत माझ्या पगारातून घ्यावी.’ चाळीस हे शुद्ध खोटं. दहा येणार हे मला माहीत आहे. उरलेल्या पंधरा बाकांची किंमत कुठवर फेडत राहीन ते मोजायचं धाडस झालं नाही.

१४ मे

सरकार इंदुरात आहे याचा एक फायदा. फाईल आगगाडीऐवजी शिपायाच्या सायकलवरून गेली आणि आठवड्यात परत आली. ऑडिटला आक्षेप मिटवायचा होता, तो मिटवायला सरकारला एक वर्ग उघडावा लागला. हुकूम झाला. अट मात्र माझीच माझ्या गळ्यात. पहिल्या दिवशी चाळीस मुली हजर हव्यात, इन्स्पेक्टरांनी स्वतः मोजायच्या. नसल्या तर वर्ग रद्द आणि वसुली चालू.

उद्या आखातीज. मी हुकूम घेऊन तसाच गंगूबाईच्या खोलीवर गेलो. आत मांडवाचे बांबू पडले होते. मी वाचून दाखवू लागलो तर गंगूबाई म्हणाली, “तुम्ही नको. रमी वाचेल.” रमाने वाचला. ‘कन्या प्राथमिक शाळा, छत्रीबाग, येथे इयत्ता पाचवी’ इथे तिचा आवाज घसरला, मग तिने तीच ओळ परत वाचली, परीक्षेत चूक सुधारतात तशी. गंगूबाई खाली बसली. मग बांबू बाजूला सारत म्हणाली, “सरकारी कागद हाये. देवासवाल्यांना सांगते, पोर सरकारने ठेवून घेतली.”

मी रस्त्यात येऊन डोळे पुसले. धूळ फार होती असं इथे लिहिणार होतो, पण नव्हती.

६ जुलै

आज वर्ग उघडला. रात्रभर झोप नव्हती. सकाळी शारदेने पेढ्यांचं ताट केलं आणि माझ्याबरोबर निघाली. मी म्हटलं, पेढे कशाला, आज माझा पंचनामा आहे.

रघुवीरसहायजी खुर्चीवर बसले. आधी दहा मुली आल्या, रमा पहिल्या बाकावर. मी मनातल्या मनात पगाराला निरोप दिला. मग फाटकातून आणखी दोघी आल्या. मग एक घोळका. पूर्वी चौथी पास होऊन घरी बसलेल्या मुली होत्या त्या. कुणी दोन वर्षांपूर्वीची, कुणी चार. एकीच्या कडेवर धाकटा भाऊ होता, तो आजीने दाराशी येऊन उचलून नेला. एकीच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, तिने ते पदराखाली घेतलं आणि मी खिडकीबाहेर बघितलं. बाकं सगळ्यांना मापात बसली. मी शारदेला विचारलं, या सगळ्या आल्या कुठून? ती म्हणाली, देवाला ठाऊक, आणि प्रत्येकीला नावाने हाक मारून पेढा देऊ लागली. आमच्या हिची स्मरणशक्ती दांडगी आहे.

घंटेची वेळ झाली. साहेब उठले आणि एकेकीकडे बोट दाखवत मोजू लागले. मी आधीच मोजलं होतं. एकोणचाळीस. बाईंच्या गणितात एकाची चूक होती, आणि तेवढ्याने वर्ग जात होता. शेवटच्या बाकावर एक जागा रिकामी होती. शारदेने ताट खिडकीत ठेवलं, लुगडं सावरलं आणि तिथे जाऊन बसली.

साहेबांचं बोट तिच्यापाशी येऊन थांबलं. “इनका नाम?”

“शारदा लघाटे,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “चौथी पास.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नोकरीत पहिल्यांदाच साहेबांच्या डोळ्यांत डोळे घालून उभा राहिलो, कारण मान वळवायची ताकद उरली नव्हती. “चालीस,” ते म्हणाले आणि सही करून गेले. जाताना त्यांनी एक पेढा घेतला.

घंटा झाली. बाईंनी भूगोल काढला. मी दारातून शारदेला खूण केली की आता ये, काम झालं. तिने पाहिलं नाही. मी खाकरलो. पुढच्या दोन बाकांवरच्या चार मुलींनी वळून पाहिलं, तिने नाही. ती फळ्याकडे बघत होती. मी थोडा वेळ फाटकाशी उभा राहिलो आणि मग एकटाच कचेरीत गेलो.

संध्याकाळी घरी आलो तर ती नेहमीसारखी स्वयंपाकाला लागलेली होती. जेवताना मी म्हटलं, साहेब गेले होते, मग उठली का नाहीस?

ती म्हणाली, “तास चालू होता.”